पळसाची फुलं, अमायलेज आणि न दिलेला रिपोर्ट

पार्श्वभूमी

हे प्रकरण चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेवरच्या एका गावातलं आणि त्याच तालुक्यातल्या एका महाविद्यालयातलं आहे. गावाचं, गटाचं, माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, प्रयोगांचा आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. मी त्या महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते आणि यातल्या बहुतेक चर्चांना हजर होते.

या भागात पळसाला तोटा नाही. फेब्रुवारी सरत आला की धुऱ्यांवर, म्हणजे शेताच्या बांधांवर, पडीत जमिनीवर, जंगलाच्या कडेने तो फुलतो. होळीच्या रंगासाठी फुलं उकळायची, उन्हाळा बाधू नये म्हणून लेकरांना त्या पाण्याने आंघोळ घालायची, हे इथे घरोघरी चालतं. गावातल्या महिला बचत गटाने त्याचाच छोटा धंदा केला होता. वाळवलेली फुलं रंगासाठी विकायची आणि साखर-लिंबू घालून केलेलं शरबत आठवडी बाजारात.

गटातल्या एका बाईंची मुलगी आमच्याकडे एम.एस्सी.ला होती. तिने प्रकल्पाला पळसच घेतला. फुलाचा केशरी-पिवळा रंग फ्लेवोनॉइड कुळातल्या रसायनांचा असतो. ब्युट्रिन आणि आयसोब्युट्रिन ही त्यातली ठळक नावं. दोन्हींना साखरेचे रेणू जोडलेले असतात. आयसोब्युट्रिनवरची साखर सुटली की ब्युटेइन उरतं. फ्लेवोनॉइडांचा मूळ सांगाडा पंधरा कार्बनचा, म्हणजे दोन बेंझीन कडी आणि त्यांना जोडणारे तीन कार्बन. कड्यांवर हायड्रॉक्सिल गट किती आणि कुठे बसलेत, साखर आहे की नाही, यावर तो रेणू कोणत्या प्रथिनाला किती घट्ट धरणार हे बरंचसं ठरतं.

मुलीचा प्रश्न साधा होता. पळसाच्या फुलांचा अर्क अमायलेजला, म्हणजे स्टार्चची साखर करणाऱ्या एन्झाइमला, रोखतो का?

पहिला निकाल

सुरुवात आयोडीनने झाली, कारण ते प्रत्येक प्रयोगशाळेत असतं. स्टार्च आयोडीनने निळा होतो. अमायलेजने स्टार्च तोडला की निळा रंग जातो. अर्काने एन्झाइम रोखलं तर निळा टिकायला हवा. झालं उलटंच. अर्क घातलेल्या नळ्यांमधला निळा रंग जास्तच लवकर गेला, जणू अर्क एन्झाइमला मदत करतोय.

एन्झाइम न घालता नुसता स्टार्च, अर्क आणि आयोडीन असं करून पाहिल्यावर उलगडा झाला. त्या नळीतलाही निळा फिका पडत होता. फ्लेवोनॉइड इलेक्ट्रॉन देण्यात उदार असतात. ते आयोडीनचंच आयोडाइड करून टाकतात आणि मग निळा रंग यायला आयोडीनच उरत नाही. ज्या गुणाला बाजारात ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून भाव आहे, त्याच गुणाने आमची चाचणी बिघडवली होती.

मग साखर मोजायची डीएनएस (डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल) पद्धत घेतली. तयार झालेल्या साखरेबरोबर डीएनएस उकळत्या पाण्यात तापवलं की नारिंगी-तांबडा रंग येतो, तो ५४० नॅनोमीटरवर मोजायचा. इथेही अर्क स्वतः थोडा रंग देतोच. म्हणून प्रत्येक प्रमाणाला एन्झाइमशिवायचा वेगळा ब्लँक, म्हणजे तुलनेची नळी, ठेवून तिचा रंग वजा केला. एवढी काळजी घेतल्यावर चित्र स्पष्ट दिसलं. अर्क वाढवत नेला की अमायलेजचं काम कमी होत जात होतं. मुलगी खूश झाली, आणि ही बातमी तिच्या आईमार्फत गटात पोचली.

अडचण

गटाकडून फुलं घेणाऱ्या शहरातल्या एका व्यापाऱ्याच्या कानावर हे गेलं. त्याने मोठी ऑर्डर देऊ केली. फुलांची पावडर करायची आणि पाकिटावर ‘शुगर कंट्रोल’ छापायचं. अट एकच होती, कॉलेजच्या लेटरहेडवर रिपोर्ट हवा.

गटाच्या अध्यक्षा दोन बायांना घेऊन आल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. “मॅडम, पोरीनं करून पाह्यलं न? मंग लिहून द्या न जी. खोटं थोडीच लिहा लागते!”

खरंच, खोटं काही लिहायचं नव्हतं. ‘अर्क प्रयोगशाळेत अमायलेज रोखतो’ हे वाक्य खरं होतं. मला खटकत होतं ते या वाक्यापासून पाकिटावरच्या दोन शब्दांपर्यंतचं अंतर.

त्याच बोलण्यात आणखी एक गोष्ट निघाली. गटातल्या एका बाईंच्या सासऱ्यांनी मधुमेहाच्या गोळ्या अर्ध्यावर आणल्या होत्या आणि सकाळ-संध्याकाळ फुलांचा काढा घेत होते. “पोरीच्या कॉलेजात टेस्ट झाली” हे त्यांना पुरेसं वाटलं होतं. रिपोर्ट निघायच्या आधीच त्याचा परिणाम सुरू झाला होता.

समोर असलेले पर्याय

विभागात यावर बरीच वादावादी झाली. एका सहकाऱ्याचं मत होतं की आहे तो निकाल तारखेसह लिहून द्यावा, ‘मानवी वापराबाबत निष्कर्ष नाही’ अशी ओळ खाली टाकावी, पुढचं व्यापाऱ्याचं व्यापारी पाहील. कागदावर हे निर्दोष दिसतं. पण खालची ओळ पाकिटावर कधीच येत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

दुसरं मत अगदी उलट, सरळ नाही म्हणा. यात गटाचं नुकसान होतं आणि मुलीच्या कामावर उगाच संशय येतो.

तिसरी सूचना निकाल अधिक भक्कम दिसावा म्हणून आली. अल्ब्युमिन या रक्तातल्या मुख्य प्रथिनाबरोबर फ्लुओरेसन्सचा (चमक मोजण्याचा) प्रयोग करायचा. अल्ब्युमिनमधलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल अतिनील प्रकाशाने चमकतं. फ्लेवोनॉइड जवळ येऊन बसलं की ती चमक मंदावते आणि त्यावरून बंधाची ताकद काढता येते. क्वेर्सेटिनसारखे फ्लेवोनॉइड मानवी अल्ब्युमिनच्या एका ठरावीक खोबणीत, २१४व्या जागेवरच्या ट्रिप्टोफॅनच्या शेजारी बसतात, हे चांगलं माहीत आहे. पण आमच्याकडे शुद्ध पदार्थ नव्हता, गडद रंगाचा अर्क होता. असा अर्क स्वतःच प्रकाश शोषतो. अल्ब्युमिनला तो शिवलाही नाही तरी चमक कमीच दिसणार. या चुकीची दुरुस्ती न केलेले आलेख छापून आलेले मी पुष्कळ पाहिलेत. शिवाय अल्ब्युमिनला चिकटणं ही फ्लेवोनॉइडांची रोजची सवय आहे, त्यातून मधुमेहाबद्दल काहीच कळत नाही. ही सूचना मागे पडली.

उरला चौथा मार्ग. रिपोर्ट थांबवायचा, पण प्रश्न सोडायचा नाही. अमायलेज रोखण्याचा हा परिणाम खाल्लेल्या अन्नासोबत टिकेल का, ते तपासायचं. तोवर गटाला दाव्याविना माल विकण्यात मदत करायची. आम्ही हा मार्ग घेतला. व्यापारी थांबेल याची खात्री नव्हती.

काय केलं

काढा घेणाऱ्या आजोबांचं पहिल्यांदा पाहिलं. मुलगी आणि तिची आई गावातल्या आरोग्यसेविका आशाताईंना घेऊन त्यांच्या घरी गेल्या. टेस्ट झाली ती नळीत झाली, माणसात नाही, हे मुलीनेच सांगितलं. आजोबांना ते तिच्याकडूनच पटलं, माझ्याकडून पटलं नसतं. साखर तपासून त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, डॉक्टरांनी गोळ्यांची मात्रा पूर्ववत केली. काढा बंद करा असं कुणी म्हटलं नाही. गोळीच्या जागी काढा नको, एवढंच.

यानंतर मुख्य प्रयोग. इथे थोडं थांबून विचार सांगावा लागेल, कारण सगळं प्रकरण याच ठिकाणी वळलं.

अमायलेजबाबतचा दावा मुळात वेडगळ नव्हता. फ्लेवोनॉइड खाल्ल्यावर रक्तात फार थोडे पोचतात. आतडं आणि यकृत त्यांना ग्लुक्युरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून रूप बदलतात, आणि जे पोचतात त्यातले बहुतेक अल्ब्युमिनला धरून राहतात. कांदा भरपूर खाऊनही रक्तात मोकळं क्वेर्सेटिन जवळजवळ सापडत नाही. पण आतड्याच्या पोकळीत, जिथे स्वादुपिंडातलं अमायलेज काम करतं, तिथे त्यांचं प्रमाण पुष्कळ असू शकतं. संत्र्याच्या पट्ट्यातल्या लोकांना ओळखीचं वाटेल असं याचं उदाहरण आहे. अ‍ॅलर्जीची फेक्सोफेनाडिन ही गोळी फळांच्या रसाबरोबर घेऊ नये अशी सूचना असते. संत्र्याच्या रसाने ती रक्तात बरीच कमी उतरते, हे २००२ साली माणसांवरच्या अभ्यासात दिसलं. आतड्याच्या पेशींवर औषध आत घेणारी वाहक प्रथिनं असतात. ग्रेपफ्रूटमधलं नारिंजिन आणि संत्र्यातलं हेस्पेरिडिन, दोन्ही फ्लेवोनॉइड, त्यांना अडवतात. तेव्हा आतड्यात फ्लेवोनॉइडने प्रथिनाला रोखणं शक्य आहे, माणसात दिसतंही.

मात्र जेवणाच्या वेळी आतड्यात अमायलेज एकटं नसतं. वरण, दूध, अंडी, पाचक रसातली बाकीची एन्झाइमं, श्लेष्मा, असा प्रथिनांचा बाजारच भरलेला असतो. आमच्या नळीत होतं फक्त अमायलेज. अर्कातले टॅनिन (तुरट पदार्थ) आणि फ्लेवोनॉइड समोर येईल त्या प्रथिनाला धरत असतील तर नळीत त्यांना अमायलेजशिवाय पर्यायच नव्हता. फुल चावल्यावर जिभेला येणारा तुरटपणाही असाच येतो. लाळेतल्या प्रोलीनने भरलेल्या प्रथिनांना पॉलिफेनॉल (टॅनिन आणि फ्लेवोनॉइड याच कुळातले) धरतात, ती गोळा होतात, आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं.

तपासणी स्वस्तात झाली. प्रथिनं मोजण्याच्या लॉरी पद्धतीच्या प्रॅक्टिकलसाठी ठेवलेला बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, फ्रीजमध्ये होताच. तोच अर्क, तेच अमायलेज, पण नळीत आधी अल्ब्युमिन घातलं. अमायलेज पूर्वीसारखं काम करू लागलं. अर्काचा परिणाम जवळजवळ पुसला गेला.

दुसऱ्या नळ्यांत अल्ब्युमिन न घालता ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घातलं. यामागचं कारण असं की क्वेर्सेटिनसारखे काही रेणू पाण्यात विरघळल्यासारखे दिसतात, पण प्रत्यक्षात त्यांचे सूक्ष्म पुंजके होतात, आणि हे पुंजके एन्झाइमांना पृष्ठभागावर ओढून निकामी करतात. कॅलिफोर्नियातल्या ब्रायन शोइशेट यांच्या गटाने हा घोटाळा तपशिलात दाखवला. थोडं डिटर्जंट घातलं की पुंजके फुटतात आणि ‘औषधी’ परिणाम नाहीसा होतो. आमच्याकडे ट्रायटनने परिणाम काही प्रमाणात गेला, अल्ब्युमिनने बहुतेक सगळा. म्हणजे थोडे पुंजके, बरेच टॅनिन, असा आमचा अंदाज.

तुलनेसाठी अ‍ॅकार्बोज घेतलं. हे मधुमेहाचं औषध अमायलेजच्या खोबणीत नेमकं बसतं. गोळी कुटून, गाळून घेतलेला त्याचा द्राव अल्ब्युमिन असो, ट्रायटन असो, अमायलेज रोखतच राहिला. दोन्ही आलेख शेजारी ठेवल्यावर मुलीला काही समजावून सांगावं लागलं नाही.

आणखी एक तफावत तिनेच काढली. तिचा अर्क मेथॅनॉलमधला होता, कारण पुस्तकात तसं असतं. गावात काढा गरम पाण्यात होतो. पाण्यातल्या अर्काची ताकद मुळातच कितीतरी कमी निघाली, अल्ब्युमिन घालण्याआधीच. आणि शरबतात तर वाटीभर साखर. शरबत पिणाऱ्या मधुमेह्याचं अमायलेज रोखून काय मिळणार होतं, हा प्रश्न बैठकीत गटातल्याच एका आजीने विचारला.

पेशींवरचा प्रयोग

हा भाग मूळ योजनेत नव्हता. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत ओळखीतून अर्क दिला होता, तिथे पेशींवर एमटीटी चाचणी झाली. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचा जांभळा रंग करतात. जांभळा जास्त म्हणजे पेशी जास्त. निकाल आला की पळसाच्या अर्काने पेशी वाढतात. व्यापाऱ्याला हे कळलं असतं तर दुसरं पाकीट निघालं असतं.

आयोडीनचा धडा ताजा होता, म्हणून मुलीने कळवलं की पेशी न घालता फक्त माध्यम, अर्क आणि एमटीटी असं करून पाहा. तिथेही जांभळा आला. इलेक्ट्रॉन देणारे तेच रेणू पेशींशिवायही एमटीटीचा रंग पालटत होते. मेलेल्या पेशींनाच रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्यावर जास्त प्रमाणाला पेशी वाढणं दूर, मरत होत्या.

आता हे विष समजायचं का? इथेही घाई केली नाही, आणि माझ्या मते हाच या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय. शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेले फ्लेवोनॉइड पेशींच्या माध्यमात ऑक्सिजनशी आपोआप क्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. माध्यमात कॅटलेज, म्हणजे पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम, घातल्यावर बऱ्याच पेशी वाचल्या. त्यांना मुख्यतः मारत होतं बशीत तयार झालेलं पेरॉक्साइड. शरीरात ऑक्सिजनचं प्रमाण बशीपेक्षा कमी आणि कॅटलेज जागोजागी, तेव्हा बशीतलं हे मरण माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही.

याचा अर्थ फ्लेवोनॉइड पेशींत काहीच नेमकं करत नाहीत असा मुळीच नाही, आणि मुलीने प्रबंधात तसं लिहायला घेतलं तेव्हा ते थांबवावं लागलं. ब्युटेइन हे चालकोन, म्हणजे फ्लेवोनॉइडांचाच एक प्रकार, आहे. त्याच्या मधल्या तीन कार्बनांत असलेल्या दुहेरी बंधामुळे ते प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाशी पक्कं जोडलं जाऊ शकतं. दाहाचे संदेश पुढे नेणाऱ्या आयकेके-बीटा या प्रथिनाला ते १७९व्या जागेवरच्या सिस्टीनपाशी रोखतं, हे २००७ साली दाखवलं गेलं. क्वेर्सेटिन पीआय३ कायनेजच्या (कायनेज म्हणजे फॉस्फेट जोडणारं एन्झाइम) खोबणीत कसं बसतं, याची स्फटिक-रचना २००० सालापासून उपलब्ध आहे. भारतीय झाडातल्या रोहितुकिन या रसायनावरून अल्वोसिडिब हे संयुग मुंबईच्या हेक्स्ट इंडियात घडवलं गेलं, ते कायनेज रोखणाऱ्या औषधांच्या पहिल्या पिढीतलं. नेमकेपणा शक्य आहे, पण तो सहसा एका शुद्ध रेणूचा, मोजलेल्या मात्रेचा असतो. आणि पेशीत ग्लुटाथायोन हा गंधक असलेला छोटा रेणू भरपूर असतो, त्याचंही गंधक ब्युटेइनच्या वाटेत उभं असतंच.

निष्पत्ती

व्यापाऱ्याला लेखी कळवलं की दावा सिद्ध होत नाही. सोबत कायद्याचाही उल्लेख केला. १९५४च्या औषध व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह आहे, आणि २०१८च्या अन्न दावे-जाहिरात नियमांनुसार खाद्यपदार्थाला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. त्याने उत्तर दिलं नाही. ऑर्डर गेली.

गटात नाराजी झाली आणि ती रास्तच होती. “तुमच्या सायन्सनं आमचा हंगाम गेला” असं एक बाई तोंडावर म्हणाल्या. नंतर गटाने नोंदणी करून फुलं नैसर्गिक रंग म्हणून आणि शरबत शरबत म्हणून विकायला सुरुवात केली. विक्री बरी आहे, पण त्या ऑर्डरच्या जवळपासही नाही. शेजारच्या तालुक्यातून ‘मधुमेहावर गुणकारी’ लिहिलेली पळस पावडर बाजारात आलेलीही आम्ही पाहिली.

मुलीच्या प्रबंधाचं शीर्षक बदललं. परीक्षकांनी अल्ब्युमिनच्या आलेखावर सगळ्यात जास्त वेळ घालवला. विद्यापीठ पातळीच्या संशोधन स्पर्धेत मात्र काम पुढे गेलं नाही. ‘परिणाम नाही’ असं सांगणाऱ्या पोस्टरपुढे गर्दी होत नाही.

काय वेगळं करता येईल

अल्ब्युमिनची नळी पहिल्या आठवड्यातच लावता येते. बीएसए नसेल तर एन्झाइम दहापट वाढवून पाहावं. पुंजक्यांचा परिणाम त्यानेच कोसळतो, आणि याला वेगळं रसायन लागत नाही. ग्रामीण महाविद्यालयांत अमायलेजवरचे प्रकल्प दरवर्षी होतात, त्यांच्या मानक पद्धतीतच हे असायला हवं. आयोडीनवर तर पॉलिफेनॉलचा अर्क तपासूच नये.

लोक जे पितात तेच तपासावं. मेथॅनॉलचा अर्क प्रबंधाला सोयीचा असतो, गावाच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नसतं.

निकाल घरी सांगायला विद्यार्थ्यांना मनाई करणं शक्य नाही आणि योग्यही नाही. पण प्रकल्प गावातल्या वस्तूवर असेल तेव्हा पहिल्याच दिवशी गटासोबत बसून ठरवता येतं की कुठल्या टप्प्याला काय सांगायचं आणि कागद कधी मिळेल. आमच्या प्रकरणात ही बैठक व्यापाऱ्यानंतर झाली, त्यामुळे ती समजूत घालण्याची बैठक ठरली.

एक प्रश्न अजून उघडा आहे. फुलं वाळताना आयसोब्युट्रिनचं ब्युट्रिन होत जातं, म्हणजे सावलीत वाळवलेलं फूल आणि डांबरी रस्त्यावर उन्हात पसरलेलं फूल रसायनाच्या दृष्टीने एक नाही. आम्ही तपासलेला नमुना एकाच हंगामातला आणि सावलीतला होता. पुढच्या फाल्गुनात दोन्ही प्रकारची फुलं वेगळ्या पिशव्यांत भरून, वर तारीख आणि धुरा लिहून द्यायचं गटाने कबूल केलं आहे. रंग कशाचा जास्त टिकतो, हे त्यांनाही जाणून घ्यायचं आहे.